फोर बाय फोर पिकअपचं ॲव्हरेज: डिझेल नेमकं कुठे जातं आणि ते कसं वाचवायचं

'फोर बाय फोर आहे, डिझेल पिणारच' असं म्हणून विषय संपवणारे पुष्कळ भेटतात. पण आपल्याकडे मिळणाऱ्या पिकअप, म्हणजे इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स, महिंद्राची बोलेरो कॅम्पर फोर बाय फोर, या सगळ्या 'पार्ट टाइम' जातीच्या आहेत. डांबरी रस्त्यावर त्या मागच्या दोन चाकांवरच चालतात. पुढचा डिफरन्शियल (वळणात डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी पेटी), ट्रान्सफर केस (गिअरबॉक्समधली ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी) आणि जादा शाफ्ट यांचं वजन शंभर किलोच्या आगेमागे धरलं आणि त्यांची थोडी ओढ त्यात मिळवली, तरी साध्या फोर बाय टूच्या तुलनेत फरक दोन-चार टक्क्यांचा पडतो. बाकीचं डिझेल वेग, टायर, हौद्यातलं ओझं आणि अडकून फिरणारे भाग खातात. या सगळ्यावर काही ना काही करता येतं, मात्र सुरुवात मोजण्यापासून करावी लागते.

आधी ॲव्हरेज खरं मोजा

डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका. तो इंजेक्टरला दिलेल्या हुकमांवरून काढलेला अंदाज असतो आणि बऱ्याच गाड्यांत तो खुशमस्कऱ्यासारखा वागतो. टाकी ते टाकी हीच खात्रीची रीत.

१. पंपावर गाडी सपाट जागी उभी करा आणि नोझल पहिल्यांदा कट होईपर्यंतच भरा. डिझेलला फेस येतो, त्यामुळे वेगाने भरलं तर नोझल लवकर कट होतं. भरणाऱ्याला हळू सोडायला सांगा. कट झाल्यावर पैसे राउंड करण्यासाठी थेंबथेंब ओतू नका, मोजमाप तिथेच बिघडतं.
२. ओडोमीटरचा आकडा लिहा. ट्रिप मीटर शून्य करा, पण विश्वास ओडोमीटरच्या आकड्यावर ठेवा, कारण ट्रिप मीटर कुणीही चुकून दाबतं.
३. टाकी पाऊण रिकामी झाली की त्याच पंपावर, शक्यतो त्याच मशीनवर, त्याच पद्धतीने परत भरा. लिटर दोन दशांशांपर्यंत लिहा.
४. असं तीनदा करा. शेवटी सगळे किलोमीटर भागिले सगळे लिटर.

उदाहरण घ्या. पहिल्या भरण्यात ५६१ किलोमीटरला ४८.६ लिटर, दुसऱ्यात ६०४ ला ५१.२, तिसऱ्यात घाटाच्या दोन फेऱ्या झाल्यामुळे ५४० ला ५०.३. सुटे हिशेब ११.५, ११.८ आणि १०.७ असे येतात. एकत्र केले तर १७०५ भागिले १५०.१, म्हणजे ११.३६. हा तुमच्या गाडीचा पायाभूत आकडा. एकाच टाकीवरून कुणी 'नवीन टायर टाकले आणि ॲव्हरेज एकने पडलं' म्हणत असेल, तर वरच्या तीन आकड्यांकडे बोट दाखवा. काहीही न बदलता त्यात एकाचा फरक आहे.

टायरचा माप बदलला असेल तर आणखी एक दुरुस्ती लागते आणि नव्वद टक्के लोक ती करत नाहीत. २५५/६० आर १८ टायरचा व्यास सुमारे ७६३ मिलिमीटर भरतो, २६५/६५ आर १८ चा ८०२ च्या जवळ. चाक पाच टक्क्यांनी मोठं झालं, म्हणजे ओडोमीटर ६०० दाखवतो तेव्हा गाडी ६३० चाललेली असते. वरच्या उदाहरणातली गाडी अशा टायरवर असती, तर तिचं खरं ॲव्हरेज ११.९३ निघालं असतं. मोठ्या टायरमुळे ॲव्हरेज पडतं हे खरंच, पण त्यातली काही 'पडझड' कागदावरचीच असते. शंका असेल तर मोकळ्या रस्त्यावर ५० किलोमीटर चालवून ओडोमीटर आणि मोबाइलच्या जीपीएसचं अंतर ताडून पाहा, आणि निघालेला गुणक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

कंपनीच्या माहितीपत्रकातला आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत रोलरवर काढलेला असतो. त्या चाचणीत वेग ताशी ९० च्या वर जात नाही. समोरून वारा नसतो, घाट नसतो आणि हौद्यात सिमेंटच्या गोण्याही नसतात. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा चांगला. आपल्या गाडीकडून तो वसूल करायला जाऊ नका.

अडकून फिरणारे भाग शोधा

इंजिनकडे वळण्याआधी गाडी मोकळी लोटली जाते का ते पाहा. चिखलात, ओढ्यात, खाणीत चालणाऱ्या पिकअपचं ॲव्हरेज पडलं की पहिला संशय ब्रेकवर घ्यावा. पुढच्या कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, सरकत्या पिना चिखलाने कोरड्या पडतात. मागे ड्रम असतील तर आत माती साचते आणि हँडब्रेकची केबल नळीतच अडकते. पॅड डिस्कला जेमतेम घासत राहतो, ड्रायव्हरला काही जाणवत नाही, टाकी मात्र लवकर खाली होते.

तपासणी सोपी आहे. सपाट रस्त्यावर वीसेक किलोमीटर चालवा, शेवटचे दोन किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता, आणि गाडी आपोआप थांबू द्या. मग चारही रिमच्या मध्यावर तळहात जवळ न्या, टेकवू नका. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम. पुढची दोन चाकं मागच्यांपेक्षा गरम असणं नेहमीचं. डाव्या-उजव्यात ठळक फरक असेल, तर गरम बाजूचा ब्रेक अडकतोय किंवा बेअरिंग घट्ट झालंय. पिना काढून साफ करायच्या आणि ब्रेकच्या ग्रीसनेच भरायच्या. चाकाचं साधं ग्रीस वापरलं तर ते रबरी बूट फुगवतं आणि पिन पुन्हा अडकते.

दुसरी जागा फक्त फोर बाय फोरमध्येच असते. टू-एचमध्ये, म्हणजे फक्त मागची चाकं ओढत असताना, पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून ॲक्सलपर्यंतचा लांब दांडा) शांत राहावा म्हणून बऱ्याच गाड्यांत पुढच्या ॲक्सलमध्ये एका बाजूचा शाफ्ट सोडवणारी जोडणी असते. ती मोटरवर किंवा व्हॅक्युमवर चालते. जुन्या गाड्यांत हेच काम हबवरची गोल किल्ली हाताने फिरवून करायचे. ही जोडणी आत अडकून राहिली तर टू-एचमध्येसुद्धा पुढचा डिफरन्शियल आणि शाफ्ट सतत फिरत राहतात. व्हॅक्युमची नळी फाटणं आणि मोटरच्या प्लगमध्ये पाणी शिरणं ही नेहमीची कारणं.

तपासायचं असं: गाडी सपाट फरशीवर, इंजिन बंद, नॉब टू-एचवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड. पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर बसवा. नुसत्या जॅकवर उचलून खाली हात घालू नका. आता एक चाक हाताने फिरवा. दुसरं चाक उलट्या दिशेने फिरू लागलं किंवा पुढचा प्रॉपेलर शाफ्ट फिरायला लागला, तर जोडणी सुटलेली नाही. फक्त हातातलंच चाक फिरलं तर ती ठीक आहे. पुढच्या ॲक्सलला अशी जोडणीच नसेल तर शाफ्ट फिरणं हे त्या गाडीचं मूळ वागणं समजावं. मॅन्युअलमध्ये ते आधी पाहून घ्या.

उचललेलीच आहे तर तिन्ही पेट्यांचं तेलही बघून घ्या: पुढचा डिफरन्शियल, मागचा डिफरन्शियल, ट्रान्सफर केस. ओढ्यात बराच वेळ उभी राहिलेली गाडी असेल तर तेल दुधाच्या चहासारखं दिसतं. ब्रीदरच्या, म्हणजे पेटीतली हवा आत-बाहेर सोडणाऱ्या, नळीतून पाणी आत जातं, कारण गरम पेटी थंड पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी ओढून घेते. असं तेल लगेच बदला. मॅन्युअलमधल्यापेक्षा जाड तेल 'गाडी खडतर चालते' म्हणून घालण्याचा एक रिवाज आहे. त्याने थंड गाडी सकाळी जड होते, फायदा काही होत नाही.

टायर आणि हवा

हवेबद्दल जरा अतिशयोक्तीच होते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा ढोबळ आकडा असा की चारही टायरमधली हवा सरासरी १ पीएसआय घटली की ॲव्हरेज सुमारे ०.२ टक्के घटतं. म्हणजे ५ पीएसआय कमी असेल तर एक टक्का. हे काही गाडी बुडवणारं नुकसान म्हणता येणार नाही. टायरच्या कडा झिजतात आणि भरधाव असताना टायर तापतो, हे त्याहून मोठं नुकसान.

पिकअपचा खरा घोळ वेगळा असतो. चिखलात किंवा वाळूत पकड मिळावी म्हणून हवा १८-२० पीएसआयवर आणली जाते, आणि ती तशीच ठेवून शंभर किलोमीटर डांबरावर घर गाठलं जातं. इथे एक-दोन टक्क्यांवर भागत नाही. टायरची बाजू प्रत्येक फेरीत दुमडते, तापते आणि आतून कापली जाते. बारा व्होल्टचा छोटा कंप्रेसर गाडीत ठेवा. चार टायर भरायला अर्धा तास जातो, तो द्या.

हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवरून घ्या. तिथे रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे मागच्या चाकांचे आकडे वेगळे असतील तर दोन्ही लिहून ठेवा. हवा सकाळी, थंड टायरवर मोजा. चालून आलेल्या टायरमध्ये तीन-चार पीएसआय जास्त दिसणारच, ती काढून टाकू नका. पंक्चरवाल्याच्या काट्यावर विसंबण्यापेक्षा स्वतःचा साधा गेज बरा.

टायरच्या जातीचा फरक हवेपेक्षा मोठा असतो. मड टेरेन, म्हणजे खास चिखलाच्या, टायरचे जाड, सुटे ठोकळे डांबरावर वळवळतात आणि त्यातच ऊर्जा जाते, शिवाय टायर वजनालाही भारी असतो. वर्षातले तीनशे दिवस गाडी डांबरावर असेल तर ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे) घ्या, आणि मूळ मापातच घ्या. पावसाळ्यात शेतापर्यंतचे चार किलोमीटर सोडले तर मड टेरेनचा उपयोग बहुतेक फोटोत दिसतो.

चारही टायर एकसारखे झिजलेले ठेवणं फोर बाय फोरमध्ये आणखी महत्त्वाचं. पुढे नवे, १० मिलिमीटर नक्षीचे, आणि मागे ४ मिलिमीटर उरलेले टायर असतील, तर व्यासात १२ मिलिमीटरचा फरक पडतो. फोर-एच, म्हणजे नेहमीच्या गिअरिंगमध्ये चारही चाकांना ताकद, लावताच पुढचा आणि मागचा ॲक्सल सरळ रस्त्यावरही एकमेकांशी भांडतात. दर दहा हजार किलोमीटरला टायर फिरवा.

हौदा, फाळका, ताडपत्री

फाळका उघडा सोडला की वारा निघून जातो आणि ॲव्हरेज वाढतं, ही समजूत जुनी आहे आणि चुकीची आहे. फाळका बंद असताना हौद्यात हवेचा एक गोल भोवरा तयार होतो. वरून येणारा वारा त्या भोवऱ्यावरून घसरत फाळक्याच्या वरून निघून जातो. फाळका पाडला की तो भोवरा मोडतो आणि केबिनच्या पाठीमागे खळबळ वाढते. फाळका बंदच ठेवा. हौद्यावर ताणून बसवलेलं सपाट कव्हर असेल तर थोडा फायदा होतो. सैल बांधलेली, फडफडणारी ताडपत्री मात्र उलट काम करते. ती घालायचीच तर दोन्ही बाजूंच्या कड्यांतून दोर ओढून ढोलकीसारखी ताणा.

ओझ्याचा हिशेब आता आकड्यात बघू. सपाट चांगल्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालताना हौद्यातल्या दर १०० किलोमागे ॲव्हरेज साधारण दीड-दोन टक्के घटतं. शहरात, जिथे दर दोनशे मीटरला थांबून परत उचल घ्यावी लागते, तिथे जास्त. म्हणून महिनोन्महिने हौद्यात पडून राहिलेला बंद पंप, साखळ्या, दोन जुने टायर आणि अर्धी वाळूची गोणी उतरवणं हे फुकटातलं काम आहे.

टपावरचा कॅरियर, लाइटची आडवी पट्टी, टपावरचा तंबू यांचं वजन फारसं नसतं, पण ते वाऱ्याच्या तोंडावर उभे असतात. कामाच्या दिवशी बसवा, परत आलात की काढा. पुढचा लोखंडी क्रॅश गार्ड तर काढून टाकण्याला ॲव्हरेजखेरीज दुसरंही कारण आहे: केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१७ च्या डिसेंबरात त्यावर कारवाई करायला राज्यांना सांगितलेलं आहे.

वेग: सगळ्यात मोठा चोर

इथे थोडं थांबून हिशेब करावाच लागतो, कारण बाकी सगळे उपाय मिळून जेवढं वाचवत नाहीत, तेवढं उजव्या पायाने वाचतं.

पिकअपचं तोंड चौकोनी आणि उंच असतं. पुढून दिसणारं क्षेत्रफळ २.९ चौरस मीटर आणि वाऱ्याचा गुणांक ०.४५ धरला, तर ताशी ८० ला वारा सुमारे ३९० न्यूटन जोराने मागे ढकलतो, म्हणजे कुणीतरी चाळीस किलोचं ओझं दोरीने मागे ओढतंय असं समजा. ताशी १०० ला हा जोर ६०० होतो आणि १२० ला ८७०. सव्वादोन टनांच्या गाडीच्या टायरची ओढ यातल्या प्रत्येक वेगाला अडीचशेच्या थोडी वरच राहते. ती वेगाने फारशी वाढत नाही, वारा मात्र वेगाच्या वर्गात वाढतो.

या जोरांचं डिझेलमध्ये रूपांतर केलं, इंजिन आणि गिअरमधला ऱ्हास धरला आणि एसीचं थोडं मिळवलं, तर ८० ला लिटरमागे १४ च्या आसपास, १०० ला ११ आणि १२० ला साडेआठ असे आकडे येतात. गाडीगणिक ते पुढेमागे होतील, पण तिन्हीतलं अंतर असंच राहतं.

समृद्धी महामार्गावर नागपूरहून निघून ५०० किलोमीटर जायचंय असं धरा. ८० ने ३६ लिटर लागतात, १०० ने साडेपंचेचाळीस, १२० ने ५९. डिझेल ९० रुपये धरलं, तर ८० ऐवजी १०० ने गेल्यास साडेआठशे रुपये जास्त जातात आणि सव्वा तास वाचतो. १०० ऐवजी १२० ने गेल्यास आणखी बाराशे जातात आणि वाचतात पन्नास मिनिटं. पहिला सौदा कधीकधी परवडतो, दुसरा क्वचितच. तुमची गाडी कोणत्या प्रकारात नोंदलेली आहे आणि तिला कोणती वेगमर्यादा लागू होते, तेही पाहून घ्या.

गिअरबद्दल थोडक्यात. व्ही-क्रॉसचं १.९ लिटरचं इंजिन आपला ३६० न्यूटन-मीटरचा पूर्ण टॉर्क २००० ते २५०० आरपीएममध्ये देतं. हायलक्सचं २.८ लिटरचं त्याहून खालपासून देतं. म्हणून सपाट रस्त्यावर २००० च्या आसपास पुढचा गिअर टाका. १३०० च्या खाली मोठ्या गिअरमध्ये ओढत राहू नका. त्यात डिझेल वाचत नाही, गाडी घुरघुरते, आणि ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनचे धक्के स्प्रिंगांनी जिरवणारं दुहेरी चाक) असेल तर त्याच्या स्प्रिंगा मार खातात.

घाट

अडीच टन वजनाची भरलेली पिकअप खोपोलीहून लोणावळ्याला चढते तेव्हा साडेपाचशे मीटरच्या आसपास उंची घेते. केवळ ही उंची गाठायला सव्वा लिटरच्या आसपास डिझेल जातं, रस्त्याचं वेगळं. हौद्यात ५०० किलो जादा असतील तर आणखी पाव लिटर. हे टाळता येत नाही. टाळता येतं ते चढणीवर ट्रकच्या मागे चिकटून दर वळणाला ब्रेक आणि परत रेस करणं. दोन ट्रकांचं अंतर ठेवा, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये १८०० ते २२०० वर एकसारखं चढा.

उतरताना न्यूट्रल टाकणारे अजून आहेत. यात जीव धोक्यात जातो हे तर आहेच, पण डिझेलही वाचत नाही. गिअरमध्ये पाय उचलून उतरत असताना इंजेक्टर डिझेल पूर्ण बंद करतात, कारण इंजिन चाकांच्या जोरावर फिरत असतं. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंग चालू ठेवायला डिझेल जातच राहतं. दोन-अडीच लिटरच्या डिझेल इंजिनला एसीसह उभ्या उभ्या तासाला पाऊण ते एक लिटर लागतं. ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा.

उतारावर तापमानाच्या काट्याकडेही एकदा नजर टाका. काटा खाली खाली जात असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनचं पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, उघडाच अडकलेला आहे. थंड इंजिन जास्त डिझेल घेतं. भाग लहान आहे, पण बरेच जण तो कधी बदलतच नाहीत.

फोर-एच आणि फोर-एल कधी, कसे

पार्ट टाइम यंत्रणेत पुढचा आणि मागचा ॲक्सल यांच्यामध्ये डिफरन्शियल नसतो. फोर-एच लावला की दोघांना एकाच वेगाने फिरावं लागतं. वळणात हे शक्य नसतं. तीन मीटरच्या व्हीलबेसची गाडी पाच मीटर त्रिज्येच्या वळणात घातली, तर पुढचा ॲक्सल मागच्यापेक्षा सुमारे १७ टक्के जास्त अंतर कापतो. मातीवर चाक थोडं घसरून हा फरक जिरवतं. कोरड्या डांबरावर ते घसरू शकत नाही, मग शाफ्टला पीळ बसतो, स्टिअरिंग जड होतं, टायर चिरकतात आणि ट्रान्सफर केसची साखळी ताणली जाते. त्या पिळाविरुद्ध इंजिन जे काम करतं, त्याचं डिझेल तुम्ही भरता.

नियम साधा: चाक घसरू शकेल अशाच जमिनीवर फोर-एच. पावसाने नुसत्या ओल्या झालेल्या डांबरासाठी तो नाही. चिखलाच्या तुकड्याआधी लावा, तुकडा संपला की काढा. टू-एच ते फोर-एच चालत्या गाडीत करता येतो. मॅन्युअलमधली मर्यादा ताशी शंभरपर्यंत असली तरी चाळीस-पन्नासला, सरळ रस्त्यावर, पाय हलका ठेवून करा. मागचं चाक आधीच गरगर फिरत असेल तेव्हा अजिबात नको.

परत टू-एचवर आणला तरी डॅशबोर्डवरचा फोर बाय फोरचा दिवा लुकलुकत राहिला, तर पीळ सुटलेला नाही. स्टिअरिंग सरळ करा, गाडी चार-पाच मीटर मागे घ्या, परत पुढे. दिवा विझतो. हे न करता तशीच गाडी हाणली तर तुम्ही सगळा वेळ फोर-एचमध्येच आहात.

फोर-एलमध्ये चारही चाकं ओढतात आणि गिअरिंग अडीच पटीने खाली येतं, म्हणजे वेग कमी आणि ओढ जास्त. उभा, सैल दगडांचा चढ, अडकलेला ट्रॅक्टर ओढणं, बोटींची ट्रेलर उतारावरून वर काढणं, ही त्याची कामं. इथे उलट डिझेल वाचतं. टू-एचमध्ये अर्धा क्लच दाबून चढवताना इंजिनची बरीच ताकद क्लच प्लेट जाळण्यात जाते, फोर-एलमध्ये क्लच पूर्ण सोडून गाडी पायी चालण्याच्या वेगाने चढते. लावताना गाडी पूर्ण थांबलेली, न्यूट्रल, क्लच दाबलेला हवा.

आणि वर्षभर गरज पडली नाही तरी महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर फोर-एच लावून पंधराएक किलोमीटर चालवा. न वापरलेली जोडणी गंजते, वरच्या बाजूला तेल पोचत नाही, आणि मग ती अडकते ती नेमकी गरजेच्या दिवशी.

डीपीएफ आणि इंजिन

बीएस-६ (सध्याच्या प्रदूषण नियमांच्या) पिकअपच्या सायलेन्सरमधल्या डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी साठते. ठरावीक प्रमाणात साठली की गाडी जादा डिझेल मारून एक्झॉस्ट सहाशे अंशांच्या आसपास तापवते आणि काजळी जाळते. तेवढा वेळ ॲव्हरेज पडणारच. आयडलिंग जरा वाढलंय, पंखा जोरात चालू आहे, उभ्या गाडीखालून तापल्याचा वास येतोय, ही त्याची लक्षणं. अशा वेळी इंजिन बंद करू नका. ताशी साठच्या वर पंधरा-वीस मिनिटं चालवा आणि काम पुरं होऊ द्या. वाळलेल्या गवतावर किंवा उसाच्या पाचटावर गाडी उभी करू नका, खालून पेट घेऊ शकतं.

शेत ते गाव, गाव ते शेत अशा पाच-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत हे काम दर वेळी अर्धवट राहतं. जादा मारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं आणि त्याला डिझेलचा वास आला, तर ऑइल बदला. आठवड्यातून एक लांब फेरी महामार्गावर मारली तर ही वेळ येत नाही. ऑइल मॅन्युअलमध्ये डीपीएफसाठी सांगितलेल्या प्रतीचंच घाला. जुन्या प्रतीच्या ऑइलची राख फिल्टरमध्ये कायमची बसते, ती जळत नाही.

टर्बोपासून (इंजिनात हवा दाबणाऱ्या पंख्यापासून) इंटरकूलरपर्यंतच्या (ती हवा थंड करणाऱ्या जाळीपर्यंतच्या) रबरी नळ्या हाताने चाचपून पाहा. क्लिपपाशी ओला तेलकट डाग आणि वेग घेताना फुस्स आवाज, म्हणजे दाब गळतोय. पूर्वी अशा गाडीच्या मागे काळा धूर दिसायचा, आता तो डीपीएफ गिळतो, त्यामुळे नळी चाचपल्याशिवाय कळत नाही. क्लच घसरतोय का हे चौथ्या गिअरमध्ये पन्नासला पाय पूर्ण दाबून बघा. आरपीएम उडी मारतो आणि वेग वाढत नाही, तर प्लेट संपलेली.

साइटवर बॅरलमधून डिझेल भरत असाल तर डिझेल फिल्टरच्या तळाचा कॉक दर महिन्याला उघडा. इंजिन बंद, खाली पारदर्शक बाटली, कॉक एक-दीड फेरा सैल. आधी पाणी येतं, मग स्वच्छ डिझेल. कॉक बंद करून हातपंप कडक होईपर्यंत दाबा, मग स्टार्टर मारा. एअर फिल्टर हवेने साफ करताना आतून बाहेर, लांबून आणि कमी दाबाने मारा. जवळून मारलेला झोत कागदाला बारीक भोकं पाडतो. पाण्याने धुवायचा तर विचारही नको.

पैसे कुठे घालवू नयेत

डिझेलच्या नळीला बांधायचे लोहचुंबक, हवेत 'आयन' सोडणाऱ्या डब्या, टाकीत टाकायच्या गोळ्या: वरच्या तीन-टाकी पद्धतीने मोजल्यास यांतलं काहीच दिसत नाही. विकणारा नेहमी एकाच टाकीचा आकडा सांगतो.

डीपीएफ आणि ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवून प्रदूषण कमी करणारी झडप) 'उडवून' देणारे भेटतील. ते बेकायदा आहे आणि वॉरंटी तिथेच संपते. चिप ट्यूनिंगने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून, ताकद वाढते हे खरं, पण वाढलेली ताकद वापरली की डिझेल वाढतं. 'आधीसारखीच चालवली तर ॲव्हरेज वाढेल' असं विकणारा म्हणतो. पंचवीस-तीस हजार रुपये मोजून ताकद वाढवलेली गाडी आधीसारखी चालवणारा माणूस तेवढा शोधावा लागेल.